कस्टम नेकवाल्या शेठजींस अनावृत पत्र

श्रीमान शेठजी यांस,



आपलं नाव, दुकानाचं नाव, गावाचं नाव यातलं काहीही या पत्रात नाही. आपल्याला प्रसिद्धी आवडत नसावी, हे आपल्या पावत्यांवरूनच कळतं. त्यांवर सही नसते, पत्ता नसतो, लाकडाचं नाव तर नसतंच. 'गिटार नेक, 1 नग' एवढ्या चार शब्दांत आपण सगळं सांगून मोकळे होता. नांदेड-लातूरकडची जी मुलं आपल्याकडून हौसेने गिटारचा नेक, म्हणजे दांडी, करून घेतात, ती पुढे दुरुस्तीला माझ्याकडे येतात. आपली कीर्ती मला त्यांच्याच तोंडून कळली. त्या मुलांच्या वतीने कुणीतरी आपले आभार मानायला हवेत, म्हणून हे लिहायला घेतलं.

सर्वांत आधी आपल्या उदारपणाबद्दल. गिऱ्हाईक मागेल ते लाकूड आपल्याकडे हजर असतं. मेपल म्हटलं की मेपल, महोगनी म्हटलं की महोगनी. यूट्यूबवर ऐकलेलं नाव पोराने उच्चारायचा अवकाश, कोपऱ्यातली तीच फळी रोझवुड होते. लिओ फेंडर यांना ही विद्या अवगत नव्हती. 1950 मध्ये त्यांनी सॉलिड बॉडीची गिटार बाजारात आणली, तेव्हा नेकसाठी एकच लाकूड ठरवलं, कडक मेपल. अखंड मेपलचा नेक, चार स्क्रूंनी शरीराला आवळलेला. बिघडला तर काढा, दुसरा बसवा, असा साधा हिशेब. गिब्सन कंपनीने 1952 च्या लेस पॉल गिटारला महोगनीचा नेक घेतला आणि तो सांध्यात चिकटवून बसवला. दोघांनी दोन लाकडं घेतली, दोन बांधण्या घेतल्या, आणि दोघांकडेही कारणं होती. आपल्याला कारणांची गरज पडत नाही, रंग पुरतो.

आपल्या एका 'मेपल' नेकचा मागचा रंग मी पॉलिश पेपरने घासला. खालून फर्निचरच्या जोडफळीचा सांधा वर आला. हाताची बोटं एकमेकांत अडकवावीत तसा करवती दातांचा सांधा, तोही बरोबर पाचव्या फ्रेटच्या मागे, जिथे वाजवणाऱ्याचा अंगठा सर्वांत जास्त टेकतो. कपाटाच्या दारासाठी ही फळी उत्तम आहे. आपण कपाटावर अन्याय करून ती गिटारला दिलीत, याबद्दल कपाटांतर्फे मी काही बोलत नाही.

आता मुख्य आभारांकडे येतो. ते पाण्याचे आहेत.

निलंग्याकडचा एक शेतकरी आपल्या मुलाला घेऊन आला होता. मुलगा लातूरला क्लासला, होस्टेलवर राहतो, आणि अभ्यासातून उरलेल्या वेळात गिटार वाजवतो. बापाने सोयाबीन विकून आलेल्या पैशातून आपला नेक घेऊन दिला होता. मोंढ्यात सोयाबीन नेलं की काय होतं हे आपल्याला माहीत असेलच. यंत्रात मूठभर दाणे टाकतात, ओलावा बघतात, आणि बारा टक्क्यांच्या वर आकडा गेला की भाव पाडतात. हमीभावाच्या खरेदीलाही बाराचीच अट होती. 2024 च्या हंगामात ओरड झाली तेव्हा सरकारने ती पंधरापर्यंत सैल केली. या बापाचं सोयाबीनही ओलं म्हणून कापलं गेलं होतं. मी लाकडाचा ओलावा मोजायचं यंत्र नेकच्या मागच्या बाजूला, जिथे रंग खरवडला होता तिथे, टेकवलं. आकडा आला अठरा. मुलाला काही कळलं नाही, बापाला लगेच कळलं. त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "बाराच्या आत पायजे ना हो सर?"

शेठजी, मी त्याला खरं ते सांगितलं. गिटारच्या नेकला बारासुद्धा जास्त होतात. आठाच्या आसपास हवेत. त्या माणसाच्या सोयाबीनला जी परीक्षा लागली, ती त्याच्याच पैशाने घेतलेल्या लाकडाला कुणी लावली नाही. शेतकऱ्याच्या मालातला ओलावा पकडायला या जिल्ह्यात पावलोपावली यंत्रं आहेत, आणि आपल्या मालातला ओलावा पकडायला एकही नाही. बाजाराने आपल्यावर ठेवलेल्या या विश्वासाबद्दल आपलं अभिनंदन करतो.

हा ओलावा मी एवढा का धरून बसलो आहे, तेही सांगतो, कारण आपण मुलांना 'लाकूड एकदम सीझन्ड आहे' असं छातीठोकपणे सांगता. लाकूड कापल्यावरही हवेतली वाफ घेतं आणि सोडतं. नांदेड-लातूरला मे महिन्यातल्या दुपारी हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास येते. अशा हवेत लाकूड पुरेसा काळ राहिलं तर त्याचा ओलावा साडेचार टक्क्यांकडे उतरत जातो. ऑगस्टच्या झडीत हीच आर्द्रता ऐंशीच्या पुढे जाते, आणि त्या हवेत तेच लाकूड पंधरा-सोळा टक्क्यांकडे चढू लागतं. पॉलिशमुळे हा चढउतार सावकाश होतो, पण थांबत नाही. मुंबई-कोकणातली हवा बाराही महिने दमट असते, तिथे लाकडाची एवढी ओढाताण होत नाही. आमच्याकडे दरवर्षी दोन्ही टोकं येतात. म्हणून मराठवाड्यात वाजणाऱ्या गिटारचा नेक करणाऱ्याने इतरांपेक्षा जास्त काळजी घ्यायला हवी. आपण इतरांपेक्षा कमी घेता आणि पैसे मात्र इतरांएवढेच घेता.

एप्रिल 2016 मध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हतं, तेव्हा मिरजेहून रेल्वेच्या वाघिणी भरून पाणी आलं. ते मिरजेचे उपकार लातूर विसरलेलं नाही. आपणही लातूरला पाणीच पाठवता, फक्त ते लाकडात भरून पाठवता आणि लाकडाच्या भावाने विकता. एप्रिल उजाडला की ते पाणी उडून जातं, नेक आकसतो, पिळतो, आणि पोरगा समजतो की आपणच गिटार नीट सांभाळली नाही. आपल्या मालाचा दोष स्वतःच्या अंगावर घेणारी अशी गिऱ्हाइकं आपल्याला लाभली, हे आपलं पूर्वपुण्य.

चिराईबद्दल आपण दाखवलेल्या निःपक्षपातीपणाचेही आभार. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, रुंदीत आकसतं, आणि रुंदीतही कुठल्या दिशेने कापलं आहे त्यावर किती ते ठरतं. सागाचं उदाहरण घेऊ. ओल्या अवस्थेतून पूर्ण वाळेपर्यंत साग गाभ्याकडून सालीच्या दिशेने अडीच टक्के आकसतो, आणि वर्षवलयांच्या कडेकडेने 5.8 टक्के, म्हणजे दुपटीहून जास्त. कडक मेपलमध्ये हेच आकडे 4.8 आणि 9.9 आहेत. म्हणून फळीच्या टोकाकडे पाहायचं असतं. टोकाला वलयांच्या रेषा फिंगरबोर्डशी, म्हणजे नेकवरच्या बोटं टेकवायच्या पट्टीशी, काटकोनात उभ्या दिसल्या, तर तो नेक रुंदीत कमी हलतो. याला क्वार्टर-सॉन म्हणतात. रेषा आडव्या झोपलेल्या असल्या तर जास्त हलतो. सॉ मिलवर ओंडका सरळ चिरत गेलं की उभ्या रेषांच्या फळ्या मधल्याच काही निघतात, त्या वेगळ्या काढून ठेवाव्या लागतात. आडव्या रेषेचा नेक करूच नये असं नाही. चांगलं वाळलेलं लाकूड असेल तर तोही टिकतो, फेंडरचे कितीतरी नेक तसेच आहेत. पण आपण उभी, आडवी, तिरपी, गाठीची, सालीलगतच्या पांढऱ्या भागाची, सगळ्या फळ्यांना एकच मान देता. इतका समभाव संतांनाही जमला नसता.

त्याचा परिणाम मी डोळ्यांनी पाहिला आहे, आणि एका मुलाने बोटांनी. नांदेडचा मुलगा, दहावीतला. फिंगरबोर्डच्या कडेवरून हात फिरवून दाखवत होता, आणि त्याच्या तर्जनीच्या आतल्या बाजूला बारीक चिरा होत्या, काही ताज्या. कारण सोपं आहे. बारा टक्के ओलाव्याचं आडव्या रेषेचं सागवानी किंवा शिसवी फिंगरबोर्ड, रुंदी 55 मिलिमीटर धरा, उन्हाळ्यात सहा टक्क्यांवर आलं की सहा दशांश मिलिमीटरने अरुंद होतं. फ्रेटची तार धातूची, ती आकसत नाही. म्हणून दोन्ही कडांना तिची टोकं तीन-तीन दशांश मिलिमीटर बाहेर येतात. एवढंसं टोक कापडाला अडकतं आणि कातडी फाडतं. उभ्या रेषेची पट्टी घेतली असती तर हे टोक त्याच्या निम्म्याहून कमी बाहेर आलं असतं आणि कानशीच्या दोन हातांत बसलं असतं. आपल्या लाकडाचा ओलावा अठरा होता, त्यामुळे आपली टोकं जास्त बाणेदार निघाली. 'रक्त सांडल्याशिवाय कला येत नाही' हे त्या मुलाला आपण फार लवकर शिकवलंत.

फिंगरबोर्डच्या रंगाबद्दल मी एकच वाक्य लिहितो. थिनरचा बोळा फिरवल्यावर तो काळा झाला आणि लाकूड पांढरं निघालं.

ट्रस रॉडच्या बाबतीत मात्र आपल्या प्रतिभेला दाद द्यावीच लागेल. अकूस्टिक गिटारच्या सहा पोलादी तारा सुरात लावल्या की त्यांचा एकत्रित ताण सत्तर किलोंच्या आसपास जातो. एक अख्खा माणूस चोवीस तास नेकच्या टोकाला लोंबकळतो आहे, आणि नेकने सरळ राहायचं आहे. त्यासाठी गिब्सनमधल्या थॅडियस मॅकह्यू यांनी नेकच्या आत घालून बाहेरून फिरवता येणाऱ्या सळईचं पेटंट घेतलं, ते 1923 मध्ये मिळालं. आता जगभर कारखान्यांत तीच रीत आहे. हेडस्टॉकवर, म्हणजे नेकच्या डोक्यावर, एक छोटं झाकण असतं, दोन स्क्रू काढायचे, आत नट दिसतो, ॲलन कीने पाव फेरा द्यायचा, बाक कमी-जास्त होतो. आपल्या नेकवरही झाकण होतं, सुंदर, पितळी, वर आपलं बोधचिन्ह कोरलेलं. मी मुलासमोर दोन स्क्रू काढले. झाकणाखाली सलग लाकूड होतं. नट नव्हता, सळई नव्हती, भोकसुद्धा नव्हतं. मुलगा त्या सलग लाकडाकडे कितीतरी वेळ बघत राहिला.

मला आपल्यातर्फे बोलणारे काही लोक भेटले. ते म्हणाले, मार्टिन कंपनीनेही फिरवता येणारा ट्रस रॉड 1985 पर्यंत घातला नव्हता. हे खरं आहे. पण मार्टिनवाल्यांनी नेकच्या पोटात आधी एबनीची पट्टी घातली, 1934 पासून पोलादी टी-आकाराची पट्टी घातली, 1967 पासून चौकोनी पोलादी नळी घातली. आणि त्यांच्या नेकवर खोटं झाकण नव्हतं. शेठजी, ट्रस रॉड घालायचा नसेल तर तसं सांगून नेक विका. नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारला ताण बराच कमी असतो, तिथे परंपरेने सळई नसतेच, आणि त्यात काही कमीपणा नाही. झाकण लावून सळई न घालणं ही बांधणीची पद्धत नाही. ती फसवणूक आहे, आणि हा शब्द मी पुरेपूर विचार करून वापरतो आहे.

हेडस्टॉक मोडायची सोयही आपण आगाऊ करून ठेवता, त्याबद्दल दुरुस्तीवाला म्हणून माझी पोटजात आपली ऋणी आहे. डोकं मागे कललेलं हवं असेल तर सरळ फळीतून ते तिरपं कोरायचं नसतं, कारण लाकडाच्या रेषा तिथे तुटक होतात आणि तारा टेकतात त्या वरच्या पट्टीच्या मागे मान सर्वांत अशक्त होते. गिब्सनलाही सतरा अंशांच्या कलत्या महोगनी डोक्याने आयुष्यभर त्रास दिला आहे. जुने क्लासिकल कारागीर फळीचं टोक तिरपं कापून, उलटवून, परत चिकटवत. रेषा अखंड राहतात आणि लाकूडही कमी लागतं. आपल्याला लाकूड वाचवायची एवढी आवड आहे, मग हा सांधा कधी का केला नाहीत, हे कोडं मला सुटलेलं नाही.

चिकटवण्याबद्दल फार लिहीत नाही. साग तेलकट असतो. सांधा लावण्याआधी तो ताजा रंधून ॲसिटोनने पुसायचा असतो, नाहीतर गोंद धरत नाही. आणि सुतारकामाचा पांढरा गोंद सततच्या ताणाखाली, त्यातही उन्हाळ्यात, हळूहळू सरकतो. पन्नास किलोमीटर एसटीच्या टपावर उन्हात गेलेली गिटार पाहिली म्हणजे हे कळतं. जुने वाद्यकार सरस वापरत. तो ताणाखाली असा सरकत नाही, आणि सांधा उघडायचा झाला तर वाफेने सुटतो. आपला सांधा वाफेशिवाय सुटतो. एवढी प्रगती आहे.

यानंतर आपल्या 'किनवटच्या सागा'कडे वळतो, कारण इथे माझा तोल जातो. किनवट आणि माहूरचं जंगल नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेला आहे, आणि तिथला साग या भागाचा अभिमान आहे. आपण प्रत्येक मुलाला 'हा किनवटचा आहे' असं सांगता. किनवटच्या सागाला परवाना लागतो, शेठजी. सरकारी लाकडावर वन विभागाच्या हातोड्याचा ठसा असतो आणि सोबत वाहतुकीचा पास असतो. आपल्या दुकानात यातलं काही कुणी मागितलं तर आपण हसता, असं मला मुलांनी सांगितलं. म्हणजे दोनच शक्यता उरतात. तो किनवटचा नाही, किंवा तो किनवटचा आहे आणि तसा यायला नको होता. यातली कोणती खरी आहे हे मी विचारत नाही. दोन्हींत आपला मान सारखाच राहतो.

साग नेकसाठी चांगला आहे, हे मी कधीही सांगेन. तो मेपलपेक्षा कमी हलतो, वाळवी लवकर धरत नाही, आणि इथल्या हवेत पिढ्यान्‌पिढ्या उभा आहे. आमच्याकडच्या जुन्या माळवदाच्या घरांतले खांब आणि तुळया पाहा. त्या सागाच्या आहेत, कुठल्याच भट्टीत न घालता इथल्याच उन्हात-पावसात वाळलेल्या. पडलेल्या घराची अशी तुळई मिळाली, खिळे काढले, भुंग्याने पोखरलेला भाग टाकला, मधला सरळ भाग उभ्या रेषेत चिरला, तर त्यातून निघणारा नेक कुठल्याही विलायती नेकशेजारी ठेवावा असा होतो. वजनाला महोगनीपेक्षा थोडा जड होतो, रंधा-पटाशी लवकर बोथट करतो, एवढीच तक्रार. तीन पट्ट्या करून मधली पट्टी उलट फिरवून चिकटवली, किंवा मधे शिसवीची चीप घातली, तर एका पट्टीचा बाक दुसरी रोखून धरते. हे सगळं आपल्याच गल्लीत होऊ शकतं. मी अशा तुळईची फळी हातात घेतली की मला दिवसभर सोडवत नाही.

शिसव तर आपल्या देशाचीच. पश्चिम घाटातलं हे लाकूड गेल्या शतकाच्या साठच्या दशकापासून जगातल्या गिटारना लागत आलं आहे. ब्राझीलच्या रोझवुडचा पुरवठा आटला तेव्हा मार्टिनने 1969 मध्ये भारतीय रोझवुडकडे, म्हणजे आपल्या शिसवीकडे, मोर्चा वळवला. जानेवारी 2017 पासून शिसव ज्यात येते त्या सगळ्या डालबर्जिया गटावर आंतरराष्ट्रीय व्यापाराची बंधनं आली. 2019 च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, पण कच्च्या लाकडावरची नजर तशीच राहिली. भारतातून आलेल्या एबनी आणि रोझवुडच्या पट्ट्यांवरूनच 2011 मध्ये अमेरिकी अधिकाऱ्यांनी गिब्सनच्या कारखान्यांवर छापे घातले, आणि 2012 मध्ये गिब्सनने तीन लाख डॉलर दंड भरून तडजोड केली. शिसवी फळीची एवढी किंमत जग लावतं. आपण तिचं नाव घेता आणि काळ्या रंगाचा डबा उघडता.

आता मिरजेकडे बघू, कारण महाराष्ट्रात लाकडाशी प्रामाणिक राहायचं कसं, हे मिरजेनेच दाखवलं. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब सतारमेकर यांनी तिथे सतारी आणि तंबोरे घडवायला सुरुवात केली. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यातून ही कला आली, आणि आजही त्याच घराण्यांत आहे. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, दांडी तुनाच्या लाकडाची. तून हे महोगनीच्याच कुळातलं झाड, वजनाला हलकं, वाळल्यावर शांत राहणारं. कारागीर ते आणून ठेवतो आणि वाट पाहतो. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. सतारीचे पडदे दांडीला दोऱ्याने बांधलेले असतात, लाकूड थोडं हललं तर वादक पडदा सरकवून घेतो. गिटारचे फ्रेट खाचेत ठोकलेले असतात, ते कुणाला सरकवता येत नाहीत. म्हणजे ज्या वाद्याला लाकडाची चूक थोडी माफ होते, तिथले कारागीर लाकडासाठी थांबतात, आणि ज्या वाद्याला ती मुळीच माफ होत नाही, तिथे आपण सकाळी फळी आणून संध्याकाळी फ्रेट ठोकता. इंचभर जाडीची फळी सावलीत, हवेशीर, मधे चिपा ठेवून वाळायला साधारण एक वर्ष घेते. त्यानंतरही ती जिथे वाजणार त्या गावच्या हवेत काही महिने पडून राहावी. भट्टीत घातली तर काम आठवड्यांवर येतं, पण मग भट्टीचा कागद दाखवा. आपण एक वर्ष वाचवता, आणि ते एक वर्ष मुलाच्या वाद्यातून वजा होतं.

मला राग कशाचा येतो, हे आता उघडच सांगतो. नांदेड आणि लातूर या गावांत मुलं शिकवणीसाठी येतात. लातूरचं नाव तर त्याच कारणाने राज्यभर गाजलं आहे. सकाळी पाचला उठणारी, दिवसातून दोन टेस्ट देणारी, एका खोलीत चार जण राहणारी ही मुलं. त्यातला एखादा रात्री दहानंतर दार लावून गिटार हातात घेतो. त्या अर्ध्या तासात त्याला कुणी गुण विचारत नाही. त्या अर्ध्या तासासाठी बापाने पैसे दिलेत, आणि आपण त्याच्या हातात असं वाद्य दिलंत जे पहिल्या फ्रेटला सुरात आणि बाराव्याला बेसूर वाजतं. मुलगा तासन्‌तास सूर लावत बसतो, लागत नाही, आणि शेवटी ठरवतो की आपला कानच वाईट आहे. असं ठरवलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या कानाला काही झालेलं नव्हतं, शेठजी.

आपल्याला एक विनंती करतो. आपल्या हातात कसब आहे. नेकची मागची गोलाई आपण सुरेख काढता, हे मी नेक खरवडत असतानाही मान्य करत होतो. रंधा चालवता येतो, पॉलिश येतं, मुलं आपल्यावर विश्वास ठेवतात. मग साग असेल तर साग म्हणा, तून असेल तर तून म्हणा. रबराच्या झाडाचं असेल तर तेही म्हणा, भाव कमी लावा, आणि स्वस्त गिटार म्हणून विका. शिकणाऱ्याला तेवढंही पुरतं. ट्रस रॉड बाजारात मिळतो, तो घाला. ओलावा मोजायचं यंत्र फार महाग नाही, मोंढ्यातल्या कुठल्याही अडत्याला विचारा. दोन फळ्या आज आणून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ठेवा, आणि तोवर आधीच्या फळ्यांवर काम करा. एवढं केलंत तर आपल्या नेकचं कौतुक करायला मी स्वतः, आपलं नाव आणि पत्ता घालून, दुसरं पत्र लिहीन.

आणि हे पत्र वाचणाऱ्या आईबापांना आणि पोरांना: नेकची ऑर्डर देण्याआधी फळीचं टोक दाखवायला सांगा आणि रेषा उभ्या आहेत की आडव्या ते स्वतः पाहा. हेडस्टॉकवरचं झाकण दुकानातच उघडायला लावा. फिंगरबोर्डवर थिनरचा ओला बोळा फिरवा. पावतीवर लाकडाचं नाव, ओलाव्याचा आकडा, आत सळई आहे की नाही, आणि साग असेल तर तो कुठून आला, हे लिहून घ्या. दुकानदार लिहून देत नसेल तर आगाऊ रक्कम देऊ नका.



आपला नम्र,
नांदेडचा एक गिटार दुरुस्त करणारा